भिंतीला ठेवलेली माया

आमच्या घराला भिंती चार, पण आई ‘भिंत’ म्हणते तेव्हा ती एकाच भिंतीबद्दल बोलत असते. भांडुपच्या टेकडीवर आमची गल्ली जिथे संपते तिथलं शेवटचं घर आमचं. त्याची मागची भिंत डोंगराकडे आहे. मध्ये माणूस आडवा होऊन सरकेल एवढीच जागा आणि एक गटार. भिंत अर्ध्या विटेची. माझ्या जन्माआधी बाबांनी ती स्वतः बांधली, तेव्हा टेकडीवर विटा न्यायला कुणी अडवत नव्हतं. पावसाळ्यात डोंगराचं पाणी तिच्यावर यायचं, ती ते पिऊन घ्यायची आणि दिवाळीपर्यंत आत सोडत राहायची.

या भिंतीला लागून आईचं शिवणाचं मशीन असायचं. दुसरीकडे ते मावत नव्हतं आणि उजेडाची खिडकीही तिथेच. आई वस्तीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, झोपायचीही त्याच भिंतीशी. तिला दमा आहे. आधी तो पावसाळ्यापुरता यायचा, मग थंडीतही राहायला लागला. डॉक्टरांनी तिची छाती तपासून झाल्यावर औषध लिहायच्या आधीच विचारलं, “घरात ओल आहे का?”

“घरात काय नाही ते विचारा,” आई म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. मला म्हणाले, “एक तर भिंत कोरडी करा, नाही तर यांना दुसरीकडे ठेवा. पंपावर किती वर्षं काढणार?”

दुसरीकडे म्हणजे कुर्ल्याला, मावशीकडे. मावशी कधीपासून बोलावत होती. आईला जायचं नव्हतं. “बहिणीच्या घरात मी पाहुणी म्हणून जाईन, बिऱ्हाड घेऊन नाही,” असं ती म्हणायची, आणि विषय तिथे संपायचा. भिंत मात्र संपत नव्हती.

आता कुणी म्हणेल, प्लास्टर करून घ्या की. आमच्या टेकडीची जमीन कुणाची यावर दोन खात्यांचा वाद आहे. पाणी मागायला गेलं की दोन्ही खाती सांगतात, जमीन आमची नाही. कुणी खांद्यावरून सिमेंटची गोणी नेताना दिसला की दोघांचेही पहारेकरी पायऱ्यांवर हजर. आहे ते घर आहे त्या मापात नीट करा, पण वीट आणि सिमेंट वर चढवायचं नाही, असा नियम. म्हणून आमच्याकडची घरं पत्र्याने, प्लायवूडने, जाहिरातींच्या जुन्या फ्लेक्सने सांधलेली असतात. निवडणूक झाली की पुढच्या आठवड्यात कुठल्या नेत्याचा चेहरा कुणाच्या मोरीला लागला हे बघत खाली उतरायची मला सवय आहे.

बाबा घाटकोपरच्या एका छापखान्यात मशीनवर होते. वस्तीतली जयंतीची, पाण्याच्या मोर्चाची, रॉकेल बंद झालं तेव्हाची, सगळी पत्रकं तेच लिहायचे आणि सुट्टीच्या दिवशी मालकाची परवानगी काढून तेच छापायचे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. माझ्या शाळेच्या रफ वह्या म्हणजे उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजू, आईने मशीनवर टीप मारून शिवलेल्या. एका बाजूला गणितं, पान उलटलं की ‘बंधूंनो आणि भगिनींनो, आता गप्प बसून चालणार नाही’. आजही बेरीज करताना मला कुणावर तरी रागवावंसं वाटतं ते त्यामुळे असेल.

बाबांची पत्रकं जहाल असत, पण माणूस कायद्यावर भाबडेपणाने विश्वास ठेवणारा. कुठलीही नोटीस लागली की चष्मा लावून उभ्याने पूर्ण वाचायची, शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलने दुरुस्त करायच्या आणि मग लोकांना समजावून सांगायची. ते म्हणायचे, “नियम आपल्या विरुद्ध आहे असं आपल्याला वाटतं, कारण आपण तो शेवटपर्यंत वाचत नाही.” विहारासमोरच्या कट्ट्यावर बसून हे वाक्य त्यांनी दोन पिढ्यांना ऐकवलं आहे. मला ते पाठ होतं आणि काही वर्षं मी ते खरंही मानत होते.

मग छापखान्यात नवं मशीन आलं, परदेशातून, मोठ्या लाकडी खोक्यात घालून. त्याला चालवायला कॉम्प्युटरवरचा एक मुलगा पुरे होता. मालकांनी बाबांना घरी बसवलं आणि जाताना खोकं घेऊन जायला सांगितलं. पाइनच्या सरळ, जाड फळ्या. टेम्पोने पायथ्यापर्यंत आणल्या आणि तिथून गल्लीतल्या चौघांनी मिळून खांद्यावरून वर नेल्या. पायऱ्यांवर पहारेकऱ्याने अडवलं.

“काय आहे?”

“लाकूड.”

त्याने एका फळीवर टिचकी मारून पाहिली. “लाकूड चालतं,” म्हणाला.

फळ्या दाराशी रचून ठेवल्या आणि त्यावर बसून बाबा चहा प्यायला लागले. नोकरी गेल्यावर त्यांना बसायला एक जागा मिळाली, एवढंच आम्हाला तेव्हा वाटलं.

त्याच सुमाराला मी अंधेरीला एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात मजकूर लिहायच्या कामाला लागले. ही मंडळी धरणांच्या काठी आणि घाटमाथ्यावर पैसेवाल्यांसाठी सुट्टीतली घरं बांधत. घराला बाहेरून लाकूड लावायची तेव्हा हौस आली होती. ऑफिसचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, त्यांनी मला इंग्रजी नियमावल्यांमधली लाकडाची पानं काढून दिली आणि त्यांची मराठी पुस्तिका करायला सांगितली. तिकडच्या सुतारांना आणि ठेकेदारांना वाटायला.

“इंग्रजी कुणी वाचत नाही गं,” सर म्हणाले. “आणि मग फळी घेतात ती थेट भिंतीवर ठोकतात. दोन पावसात कुजते. क्लायंट माझ्या नावाने शिमगा करतो.”

मी ती पानं घरी आणली. पहिलीच अडचण म्हणजे ‘क्लॅडिंग’ला मराठीत काय म्हणायचं.

“आच्छादन,” बाबा लगेच म्हणाले.

“आच्छादन मेलेल्यावर घालतात,” आई मशीनवरून म्हणाली.

“मग बाह्यावरण.”

“अहो, सुताराला कळायला नको का? बाहेरून फळ्या लावणं म्हणा.”

मी तेच लिहिलं. बाबांना ते फार साधं वाटलं, पण पानं मात्र त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली आणि मला एकेक ओळ मराठीत सांगायला लावली. ते दाराशी फळ्यांवर बसलेले, मी उंबऱ्यात आणि आई आत काजं करत. असे बरेच दिवस गेले. फळीचं खालचं टोक जमिनीपासून वीतभर वर हवं, म्हणजे उडालेलं पाणी आणि वाळवी पोचत नाही. कापलेल्या कडेला आधी तेल पाजायचं, कारण लाकूड पाणी पितं ते कडेतून. वरची फळी खालच्या फळीवर कौलासारखी चढलेली हवी. स्क्रू न गंजणारे हवेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फळी भिंतीला चिकटवायची नाही. आधी भिंतीवर उभ्या रिपा ठोकायच्या, त्यांच्यावर आडव्या फळ्या. मध्ये दोन बोटं जागा राहते. फळ्यांमागे शिरलेलं पाणी त्या जागेतून खाली निथळतं, खालून हवा आत येते, वरून निघून जाते आणि मागची भिंत वाळते.

आईचं काज थांबलं. “म्हणजे माया ठेवायची,” ती म्हणाली.

शिवणकामात शिवणीच्या आत थोडं जादा कापड सोडतात, पुढे अंगाला घट्ट झालं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. माया न ठेवता शिवलेला ब्लाउज आई हातातसुद्धा धरायची नाही.

“भिंतीला माया ठेवा म्हणते तुमची नियमावली,” ती म्हणाली. “शहाणी आहे.”

बाबांनी पेन्सिलने समासात ‘माया’ असं लिहून ठेवलं. मला दिसलं की त्यांच्या मनात काहीतरी ठरलं आहे. एवढ्या वर्षांत त्यांनी वाचलेले सगळे नियम काय करायचं नाही ते सांगणारे होते. घर नीट उभं कसं राहील, भिंत कोरडी कशी राहील, आतल्या माणसाला बरं कसं वाटेल हे सांगणारा नियम त्यांच्या हातात पहिल्यांदाच पडला होता.

एका कलमाशी मात्र ते अडले. आगीचं कलम. शेजारच्या घरापासून ठरावीक अंतर मोकळं नसेल तर त्या बाजूला लाकूड लावूच नये, आणि फळ्यांमागची पोकळी प्रत्येक मजल्याला अडवावी, कारण आग लागली तर ज्वाळा त्यातून धुराड्यासारख्या वर चढतात. आमच्या गल्लीत एका घराच्या खिडकीतून हात काढला तर दुसऱ्याच्या मांडणीवरचा पेला उचलता येतो. त्या कलमाने पाहिलं तर आमच्या अख्ख्या टेकडीवर एकही फळी असायला नको होती.

“मागच्या बाजूला शेजारी नाही,” शेवटी बाबा म्हणाले. “डोंगर आहे. डोंगराला शेजारी धरायचं नाही. आणि आपल्याला वर मजला नाही, म्हणजे पोकळी अडवायचाही प्रश्न नाही. फक्त वरच्या आणि खालच्या तोंडाला जाळी मारायची, उंदरांसाठी. बसतंय सगळं.”

त्यांना ते बसवायचंच होतं, आणि खरं तर ते बसतही होतं.

त्यांनी सगळं अगदी पुस्तकातल्यासारखं केलं. फळ्या रंधून घेतल्या. प्रत्येक कड जवसाच्या तेलात ब्रश बुडवून तीनदा भिजवली. गटाराच्या कडेने आडवं सरकत एकेक रीप ओळंब्यात लावली. गल्लीत चेष्टा सुरू झाली. शेजारचे काका रोज कामावरून येताना थांबायचे.

“काय हो, रिसॉर्ट काढताय?”

“नियमाने चाललंय,” बाबा म्हणायचे.

“मग बुकिंग आम्हालाच द्या पहिलं. शेजारधर्म.”

“तुम्हाला रूम नाही देणार, तुम्ही घोरता. आमच्या भिंतीपर्यंत येतं.”

खूप दिवसांनी मी बाबांना असं हसताना बघत होते.

त्या वर्षीचा पावसाळा मी विसरणार नाही. पाऊस कमी नव्हता. डोंगराचं पाणी फळ्यांवर आदळायचं, फळ्यांमागून टपटप खाली निथळायचं, आणि तो आवाज आतून ऐकू यायचा. ऑगस्टमध्ये एका दुपारी आईने नेहमीसारखा भिंतीला तळहात लावला, आणि मग सवयीने पदराला पुसला. पुसताना तिच्या लक्षात आलं की हात कोरडाच होता. तिने पुन्हा लावून पाहिला. मग मशीनवर जाऊन बसली. पण त्या पावसाळ्यात ती पाठीला उशांची रास न लावता सरळ आडवी झोपायला लागली. पंप होता, पण तो दिवसचे दिवस खुंटीवरच्या पिशवीत राहायचा. मावशीचा फोन आला तेव्हा आई तिला म्हणाली, “तूच ये गं इकडे राहायला. आमच्याकडे हवा चांगली आहे.”

पुस्तिकेचं काम तोवर संपत आलं होतं. मी लिहिलं होतं, ‘भिंत आणि फळी यांमध्ये दोन बोटं माया ठेवावी.’ सरांनी माया खोडून ‘पोकळी’ केलं. “माया वगैरे नको,” म्हणाले, “क्लायंट वाचेल तर त्याला काय वाटेल?” मी दोन मिनिटं भांडले. मग पगार आठवला आणि गप्प बसले.

थंडी सुरू झाली तेव्हा टेकडीवर सर्वे आला. पुनर्वसन होणार, पायथ्याशी इमारती होणार, घरटी मोजणी होणार, असं आम्ही माझ्या शाळेपासून ऐकत होतो. या वेळी खरोखर माणसं आली. गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅब आणि लाल ठिपका टाकून माप घेणारं छोटं यंत्र. ज्याचं माप जुन्या मोजणीशी जुळेल आणि कागद पुरे असतील तो पात्र. बाकीचे अपात्र. टेकडीवर त्या महिन्यात लोक एकमेकांना ‘कसे आहात’ विचारायचं सोडून ‘पात्र का’ असं विचारत होते.

आमच्याकडे आलेला मुलगा माझ्याच वयाचा होता, सभ्य होता. आईने त्याला पाणी दिलं. त्याने मागे जाऊन लाल ठिपका फळ्यांवर टाकला, टॅबमध्ये पाहिलं, पुन्हा टाकला.

“काका, घर बाहेर आलंय,” तो म्हणाला.

“घर कसं बाहेर येईल?”

“जुन्या मापापेक्षा जास्त आहे. आम्ही बाहेरून बाहेर घेतो. हे वाढीव दाखवतंय.”

बाबांनी त्याला आत नेलं. आतून माप तेच आहे, इंचभरही जागा वाढलेली नाही, हे दाखवलं. मग पुन्हा मागे नेऊन जाळी उचकटून आतली पोकळी दाखवली. “ही हवा आहे,” ते म्हणाले. “तू हवा मोजतो आहेस.”

“मला दिसतंय ना काका. पण सिस्टीममध्ये हवेला कॉलम नाही. फळीची जाडी सोडून देतो मी, तेवढा फरक चालतो. ही गॅप नाही चालत. टेन्शन नका घेऊ, काढून टाका, मी परत येतो.”

“आणि नाही काढली तर?”

“मग वाढीव बांधकाम. म्हणजे सध्या तरी अपात्र.”

आई दारात उभी होती. मुलगा गेल्यावर तिने एवढंच विचारलं, “माया ठेवली म्हणून?”

दुसऱ्या दिवशी बाबा माझी छापून आलेली पुस्तिका घेऊन खाली सर्वेच्या कार्यालयात गेले. मी रजा टाकून बरोबर गेले, कारण त्यांचा आवाज चढला तर कुणीतरी हवं होतं. आवाज चढला नाही. साहेबांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. बाबांनी खुणेचं पान उघडून टेबलावर ठेवलं आणि कलम वाचून दाखवलं. इतकं स्पष्ट की शेजारच्या टेबलावरच्या बाई टायपिंग थांबवून ऐकायला लागल्या.

साहेबांनी पुस्तिका चाळली. गुळगुळीत कागद, धरणाच्या काठावरच्या घरांचे फोटो. “छान आहे,” ते म्हणाले. “तुम्ही केलंय तेही बरोबरच असणार. पण काका, ही नियमावली घरांना लागते.”

“मग आमचं काय आहे?”

“तुमचं स्ट्रक्चर आहे.” ते हे चिडून किंवा हिणवून म्हणाले नाहीत. फायलीत जो शब्द होता तो त्यांनी वाचला. “स्ट्रक्चरला वेगळे नियम. त्यात लाकूड चालतं, पत्रा चालतो. पण जागा सोडायची तरतूद नाही. सोडली की वाढीव.”

“म्हणजे लाकूड लावा, पण कुजेल असं लावा.”

“असं कुठे लिहिलंय?” साहेब म्हणाले.

तसं खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं. बाबांनी आयुष्यभर लोकांना नियम शेवटपर्यंत वाचायला सांगितलं, आणि शेवटपर्यंत वाचल्यावर त्यांना कळलं की त्यात आपण नाहीच. बाहेर येऊन ते पायरीवर बसले. मी चहा आणला, तो त्यांनी हातात धरून गार केला. मला त्या साहेबांचा राग येत नव्हता, त्या मुलाचाही नाही. याचाच मला जास्त राग येत होता. लहानपणापासूनच्या सगळ्या पत्रकांत शत्रूला निदान एक खुर्ची असायची, आणि तिच्यावर कुणीतरी आडमुठा बसलेला असायचा. इथे सगळे खुर्च्या देत होते, पाणी पीत होते, टेन्शन नका घेऊ म्हणत होते.

घरी मी म्हणाले, काढायचं नाही. पत्रक काढू, गल्लीत सह्या घेऊ, वर्तमानपत्रात देऊ. बाबांनी मान हलवली, पण कागद काढला नाही. तेव्हा आई बोलली.

“तुझं पत्रक निघेपर्यंत यादी निघेल. यादीत नाव नसलं की एक दिवस डोंगर उतरावा लागेल. मग भिंत कोरडी ठेवून काय करू, तिला डोक्यावर घेऊन जाऊ?”

“आणि तुझा श्वास?”

“माझा श्वास माझ्याबरोबर येईल कुठेही. घर येत नाही.” मग बाबांकडे बघून म्हणाली, “माया काढा. एकदाचं मोकळं करा.”

बाबांनी रिपा काढल्या. लावायला त्यांना जेवढे दिवस लागले होते त्याच्या निम्मेही लागले नाहीत. फळ्या थेट भिंतीवर बसवल्या, सर ज्यांना नावं ठेवायचे तशाच, दोन पावसात कुजणाऱ्या. शेजारचे काका येऊन उभे राहिले, पण रिसॉर्टचं काही बोलले नाहीत. त्यांनी बाह्या वर केल्या आणि फळीचं दुसरं टोक धरलं. आठवड्याने तो मुलगा परत आला, लाल ठिपका टाकला, हसला. “आता झकास बसलं, काका.” त्याने फोटो काढला आणि टॅबमध्ये लिहून घेतलं, मागची भिंत लाकडी. आम्ही पात्र झालो. गल्लीत काहींनी पेढे वाटले. आम्ही वाटले नाहीत, पण आलेले खाल्ले.

पुढच्या पावसाळ्यात फळ्या फुगल्या. त्यांच्यामागे गेलेल्या पाण्याला निथळायला जागा नव्हती, ते भिंतीतच राहिलं. जुलैपर्यंत आतल्या रंगाला काळे ठिपके आले आणि आईने कापून ठेवलेल्या कापडांना वास लागला. एका बाईने ब्लाउज परत आणून दिला. “वहिनी, राग मानू नका, पण याला कुबट वास येतोय.” आईने तो धुतला, वाळवला, इस्त्री केला, आणि त्या रात्री तिला पंपानेही आराम पडेना. सकाळी मावशी रिक्षा घेऊन पायथ्याशी आली.

“किती वेळा बोलावलं तुला,” पायऱ्या चढून धापा टाकत मावशी म्हणाली. “आता येतेस ती अशी.”

“बिऱ्हाड घेऊन येते म्हणून चिडलीस का?”

“चिडते तर. मशीन कुठे ठेवू तुझं, माझ्या डोक्यावर?”

मशीनचं वरचं डोकं काढून मी आणि बाबांनी चादरीत गुंडाळलं आणि खाली नेलं. पाय इथेच राहिले. त्या लोखंडी पायांवर आता बाबांची वर्तमानपत्रं असतात.

मला वाटलं होतं, पावसाळा संपला की आई येईल. निदान आधी तसं होतं, दिवाळीनंतर भिंत वाळायची. पण फळ्या अंगाला चिकटलेली भिंत हिवाळ्यातही वाळत नाही. नुसती विटांची होती तेव्हा तिला निदान उन्हं लागायची. मी बाबांना म्हणाले, काढून टाकू या, नुसती भिंतच बरी. ते कार्यालयात विचारून आले. विचारल्याशिवाय त्यांना राहवत नाही, अजूनही. सर्वेत भिंत लाकडी नोंदली आहे, फोटोही आहे, त्यामुळे अंतिम यादी लागेपर्यंत तिच्यात बदल करता येत नाही, असं त्यांना सांगितलं. आपण फळ्या काढल्या तर तोही बदल. यादी कधी लागेल ते कुणाला माहीत नाही. पायथ्याशी इमारतीची पाटी लागली आहे. तिच्यावरचं इमारतीचं चित्र उन्हाने फिकं पडायला लागलंय.

कुर्ल्याला आई एका कारखान्याचं शिवते. कापलेले तुकडे गठ्ठ्याने येतात, तिने फक्त जोडून द्यायचे. मी गेले की ती एखादा तुकडा उचलून मला दाखवते. कापड वाचवायला कड अगदी शिवणीपर्यंत कापलेली असते. “बघ, कसं कापतात,” म्हणते, आणि मशीनचं चाक हाताने फिरवायला लागते. मावशीच्या घरात ती सरळ आडवी झोपते. रविवारी आम्ही तिथे जेवायला जातो, आणि बाबा पाहुण्यासारखे पाट सरकवून बसतात.

जानेवारीत एकदा ती घरी आली होती. आल्या आल्या चप्पल न काढता आत गेली आणि भिंतीला तळहात लावला. बाबा दारात उभे होते, पिशवी हातात घेऊन. पिशवीत तिची दोन लुगडी आणि पंप होता, म्हणजे ती राहायच्या तयारीने आली होती. तिने हात काढला, पदराला पुसला, आणि या वेळी तो पुसायला हवाच होता.

“चहा टाकते,” ती म्हणाली. “मग निघते. उजेडात उतरलेलं बरं.”